सुरक्षा-साखळी, ट्रेलरच्या जोडणीतील

ओढणारे वाहन व त्याच्या मागील ट्रेलर यांच्यामधील मुख्य जोडणी तुटली, निसटली किंवा आपोआप उघडली, तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून दोन्ही वाहनांच्या साट्यांना अडकविलेल्या जादा साखळीस किंवा तारदोरास सुरक्षा-साखळी म्हणतात. नेहमीच्या प्रवासात ही साखळी कोणताही भार वाहत नाही. ती सैल लोंबत असते आणि मुख्य जोडणी निकामी झाल्याच्या क्षणीच तिच्यावर ताण येतो. त्यामुळे तिच्या गुणदोषांची परीक्षा रोजच्या वापरात होत नाही. गंजलेली कडी, चुकीच्या जागी अडकविलेला आकडा किंवा प्रमाणाबाहेर ठेवलेला झोल वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही आणि लक्षात येतो, तो अपघातानंतरच्या पंचनाम्यात. मागे-पुढे चालणाऱ्या इतर वाहनांच्या व पादचाऱ्यांच्या जिवाशी तिचा संबंध असल्याने बहुतेक देशांच्या वाहतूक-नियमांत तिला स्थान मिळाले आहे. मात्र ‘पाचवे चाक’ (फिफ्थ व्हील) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीच्या बाबतीत अनेक ठिकाणी हीच साखळी अनावश्यक मानली गेली. असे का झाले, हे कळण्यासाठी जोडणीच्या इतिहासाकडे वळावे लागते.

सुटलेल्या वाहनापासून होणारा धोका टाळण्याचे मार्ग मुळात तीनच आहेत. सुटलेले वाहन धरून ठेवणे, हा पहिला. साखळी हे काम करते. ते सुटताक्षणीच आपोआप थांबेल अशी व्यवस्था करणे, हा दुसरा. स्वयंचलित ब्रेक हे काम करतो. मुद्दाम उघडल्याशिवाय उघडणारच नाही असा सांधा बनविणे, हा तिसरा. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत रेल्वे व रस्ता या दोन्ही क्षेत्रांत या तिन्ही मार्गांचा अवलंब झाला. परंतु त्यांचा क्रम व त्यांना दिलेले महत्त्व सर्वत्र सारखे नव्हते.

घोडागाडीतील मूळ : ‘पाचवे चाक’ हे नाव मोटारीपेक्षा पुष्कळ जुने आहे. चार चाकांच्या घोडागाडीत पुढील आस वळण्यासाठी ती आस व गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये लोखंडी कड्यांची किंवा चकत्यांची एक आडवी जोडी बसवीत. तिच्या केंद्रातून एक जाड उभा खिळा जात असे. गाडीची चार चाके उभी आणि हे वर्तुळ तेवढे आडवे, म्हणून कारागिरांनी त्याला पाचवे चाक म्हटले. मराठीत बिनकामाच्या माणसास किंवा वस्तूस पाचवे चाक म्हणण्याची जी रीत काही वेळा दिसते, तिच्याशी या अवयवाचा काही संबंध नाही. गाडीच्या पुढील भागाचे सारे वजन त्यावरच पेलले जाई. मधला खिळा मोडल्यास पुढील आस घोड्यांबरोबर निघून जाण्याची आणि गाडीचे तोंड जमिनीवर आपटण्याची शक्यता असे. आधुनिक जोडणीतही भीती आहे ती नेमकी हीच; फक्त घोड्यांच्या जागी काहीशे अश्वशक्तीचे एंजिन आले आहे.

रेल्वेवरील बाजूच्या साखळ्या : वाहनांची लांब माळ ओढण्याचा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, तो रेल्वेत. प्रारंभीच्या वाघिणी दोन-तीन कड्यांच्या सैल साखळीने एकमेकींस जोडलेल्या असत. गाडी सुटताना व थांबताना त्यामुळे मोठे हिसके बसत. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेशी संबंधित असलेले हेन्री बूथ (१७८८–१८६९) यांनी पुढे आटे फिरवून घट्ट करता येणारी स्क्रू-जोडणी प्रचारात आणली व हिसके बरेच कमी झाले. तथापि तत्कालीन लोखंडाच्या गुणवत्तेवर कोणाचाच पुरता भरवसा नव्हता. म्हणून ब्रिटनमध्ये मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंस एकेक जादा साखळी बसविण्याची पद्धत पडली. मधली जोडणी शाबूत असेपर्यंत या साखळ्या सैल राहत व ती तुटल्यास भार त्यांच्यावर येई. रस्त्यावरील ट्रेलरच्या सुरक्षा-साखळीची ही थेट पूर्वज म्हणता येईल.

या साखळ्यांची मर्यादा एका भीषण अपघाताने अप्रत्यक्षपणे उघड केली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथून रविवार-शाळेच्या मुलांना सहलीस नेणारी एक गाडी चढावर अडली. तिचे दोन भाग करून पुढील भाग आधी वर न्यावा, असे ठरले. मागील दहा डबे सोडण्यात आले आणि त्यांच्या चाकांखाली दगड ठेवण्यात आले. गाडीत निर्वात ब्रेक होते. परंतु ते स्वयंचलित नव्हते. म्हणजे एंजिनाशी जोडलेली नळी सुटताच ब्रेक लागण्याऐवजी निकामी होत. एंजिन किंचित मागे सरकले, धक्क्याने दगड चिरडले गेले व ते डबे उतारावरून मागे धावत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली व त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांस सलग व स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आर्मा येथे काहीही तुटले नव्हते. डबे माणसांनी सोडले होते आणि बाजूस कितीही भक्कम साखळ्या असत्या, तरी त्याही सोडल्याच गेल्या असत्या. साखळी धातूच्या दोषाविरुद्ध संरक्षण देते. माणसाच्या निर्णयातील दोषाविरुद्ध देत नाही. स्वयंचलित ब्रेक मात्र जोडणी कोणत्या कारणाने सुटली, याची विचारपूस करीत नाही. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस (१८४६–१९१४) यांनी १८७० नंतरच्या काही वर्षांत जो स्वयंचलित हवा-ब्रेक सिद्ध केला, त्याचे तत्त्व हेच होते. नळीत दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे राहतात आणि गाडी दुभंगून दाब उतरला, की दोन्ही भागांतील ब्रेक आपोआप लागतात. असे ब्रेक व अधिक बळकट पोलादी आकडे प्रचारात आल्यावर बाजूच्या साखळ्यांचे प्रयोजन उरले नाही. त्या अडकविण्यासाठी कामगारास दोन डब्यांच्या मधोमध शिरावे लागे, तो धोकाही टळला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात त्या मागे पडल्या. अमेरिकेत ईलाय जॅनी (१८३१–१९१२) यांनी १८७३ मध्ये एकस्व घेतलेली, दोन पंजे एकमेकांत गुंतावेत तशी आपोआप अडकणारी जोडणी आणि सलग ब्रेक हे दोन्ही १८९३ च्या केंद्रीय कायद्याने सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या कडी-खुंटीच्या जोडणीने किती कामगारांची बोटे व हात घेतले, याची स्मृती त्या कायद्यामागे होती.

सह्याद्री चढणाऱ्या लोहमार्गांवर हा प्रश्न आणखी निकडीचा होता. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटात व १८६५ मध्ये खुल्या झालेल्या थळघाटात ३७ स १ इतका तीव्र चढ आहे. तेथे गाडीस मागून जादा एंजिने लावतात. ही एंजिने गाडी ढकलतात, तसाच मधल्या जोडण्यांवरील ताणही कमी करतात आणि एखादी जोडणी तुटलीच, तर मागील डब्यांना आधार देतात. उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून घेण्यासाठी चढत जाणारे आडमार्गही ठेवलेले आहेत. साखळीवर विसंबून राहण्याजोगी ही जागा नव्हती, हे तेथील बांधणीवरूनच दिसते.

मोटार-ट्रेलर व पाचव्या चाकाचा पुनर्जन्म : रस्त्यावर मात्र गोष्टी वेगळ्या क्रमाने घडल्या. १९१४ मध्ये डिट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने सिब्ली नावाच्या लाकूड-व्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडण्याचा एक दुचाकी गाडा तयार केला. त्याचे पुढील टोक मोटारीवर टेकत असल्याने त्याला ‘सेमी-ट्रेलर’ म्हणजे अर्ध-ट्रेलर हे नाव मिळाले. नाव नेण्यापुरता केलेला हा गाडा त्या व्यापाऱ्यास इतका सोयीचा वाटला, की लाकूड वाहण्यासाठी त्याने आणखी गाडे करवून घेतले. १९१८ मध्ये फ्रूहॉफ यांची ट्रेलर-कंपनी स्थापन झाली. याच दशकात मॅसॅचूसेट्स राज्यातील चार्ल्स मार्टिन यांनी घोडागाडीच्या आडव्या वर्तुळाची कल्पना घेऊन झुलते पाचवे चाक बनविले. ओढणाऱ्या वाहनाच्या मागील आसाजवळ बसविलेली ही तबकडी आडव्या कण्यावर पुढे-मागे कलू शके. त्यामुळे खाचखळग्यांत ट्रेलरचे तोंड वर-खाली झाले, तरी जोडणीस पीळ पडत नसे.

आजच्या पाचव्या चाकाची रचना तत्त्वतः तीच आहे. ट्रेलरच्या पुढील भागाखाली एक पोलादी मध्यखुंटी (किंगपिन) असते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तिचे प्रचलित माप ५० मिमी. असून विशेष अवजड वाहनांसाठी ते ९० मिमी. असते. ट्रक मागे घेतला, की ही खुंटी तबकडीच्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या खाचेतून आत शिरते व पोलादी जबडे तिच्या निमुळत्या गळ्याभोवती मिटतात. जबडे मिटले, की एक अडसर त्यांना पक्के करतो आणि चालकाने दांडी ओढल्याशिवाय तो सुटत नाही. ट्रेलरच्या पुढील भागाचे वजन तबकडीवर पसरते. खुंटीला फक्त ओढ सोसावी लागते. साध्या ट्रेलरात एका गोळ्यावर किंवा पिनेवर वजन व ओढ दोन्ही येतात. पाचव्या चाकात ही कामे वाटली गेल्यामुळे जोडणी अधिक भरवशाची ठरली. उघडणारच नाही असा सांधा, या तिसऱ्या मार्गाचे हे उत्तम उदाहरण होय.

कायद्याची भूमिका : निरनिराळ्या देशांच्या नियमांतील भेद या पार्श्वभूमीवर समजतात. रस्ता-वाहतुकीसंबंधीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात असे तत्त्व स्वीकारले आहे, की ट्रेलर सुटल्यावर त्याचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. ज्या हलक्या ट्रेलरांस तशी सोय नाही, त्यांना साखळी किंवा तारदोर यांसारखी दुय्यम जोडणी असावी, तिने ओढदांडा जमिनीस लागू देऊ नये आणि ट्रेलरास काही अंशी तरी वळण देता यावे. यूरोपातील तांत्रिक नियमांतही हाच विचार असून १.५ टनांपर्यंतच्या ट्रेलरांस स्वयंचलित ब्रेकऐवजी अशी दुय्यम जोडणी चालते. म्हणजे यूरोपीय दृष्टीने साखळी हा ब्रेकचा पर्याय आहे, पूरक नव्हे.

अमेरिकेची रीत थोडी निराळी आहे. तेथे साखळी आणि सुटल्यावर लागणारे ब्रेक ही दोन्ही साधने पुष्कळदा एकाच ट्रेलरावर मागितली जातात. व्यापारी वाहनांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार ब्रेक आवश्यक असलेल्या ट्रेलराचे ब्रेक तो सुटताच आपोआप लागले पाहिजेत व किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. शिवाय ओढदांड्याने ओढल्या जाणाऱ्या पूर्ण ट्रेलरास साखळी किंवा तत्सम साधन हवे. पाचव्या चाकाच्या अर्ध-ट्रेलरावर मात्र साखळीची सक्ती नाही; हेतुपुरस्सर हाताने उघडल्याशिवाय सुटणार नाही असा अडसर एवढेच त्यासाठी मागितले आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्याच्या वाहन-संहितेतही पाचवे चाक व मध्यखुंटी यांनी जोडलेले अर्ध-ट्रेलर साखळीच्या नियमातून वगळलेले आहेत.

साखळीचे बळ : साखळी लावली, की काम झाले, अशी समजूत सर्रास आढळते व ती घातक आहे. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या मानकानुसार हलक्या ट्रेलराच्या प्रत्येक साखळीचे तुटण्याचे बळ ट्रेलराच्या वर्गाच्या कमाल वजनाइतके असावे लागते, म्हणजे सु. ९०७ किग्रॅ. (२,००० पौंड) वर्गातील ट्रेलराची एकेक साखळी तेवढा भार एकटीने पेलू शकली पाहिजे. तरीही झोलाचा प्रश्न राहतोच. समजा, २,००० किग्रॅ. वजनाचा ट्रेलर सुटला आणि साखळी ताणली जाईपर्यंत दोन्ही वाहनांच्या वेगांत सेकंदास फक्त १ मी. चा फरक पडला. तेव्हा १,००० जूल ऊर्जा साखळीला पचवावी लागते. साखळी व आकडे मिळून २ सेंमी. ताणले, तर सरासरी ओढ सु. ५० किलोन्यूटन म्हणजे पाच टनांच्या भाराएवढी होते आणि क्षणिक ओढ त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून झोल वळण घेण्यापुरताच ठेवावा लागतो. दोन साखळ्या ओढदांड्याखाली फुलीसारख्या एकमेकींवरून नेतात. त्यामुळे दांडा निखळल्यास तो त्या झोळीत पडतो व जमिनीत रुतून ट्रेलर उलटत नाही. लांब साखळी आखूड करण्यासाठी तिला पीळ देणे अयोग्य, कारण पिळलेल्या कड्यांवर आडवा ताण येऊन त्या ठरलेल्या भाराच्या आतच तुटू शकतात.

पर्यटन-ट्रेलर व साखळीचा वाद : व्यापारी ट्रकांच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ मिटला असता, तो पुन्हा उपस्थित झाला घरगुती प्रवासी ट्रेलरांमुळे. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस (१८७८–१९३०) यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘एअरोकार’ नावाचा राहण्याजोगा ट्रेलर बाजारात आणला. मोटारीच्या मागील भागात आडव्या बसविलेल्या, हवा भरलेल्या रबरी टायरमध्ये त्याची जोडणी अडकत असे व त्यामुळे धक्के कमी बसत. पुढे, विशेषतः १९७० च्या सुमारापासून, उघड्या हौद्याच्या पिकप ट्रकमध्ये पाचवे चाक बसवून मोठाले निवासी ट्रेलर ओढण्याची प्रथा अमेरिकेत व कॅनडात वाढली.

येथे जोडणी तीच असली, तरी परिस्थिती तीच नव्हती. व्यापारी ट्रकमध्ये तबकडी साट्यास कायमची जखडलेली असते. पिकपमध्ये ती काढ-घाल करता येईल अशी हौद्यातील पट्ट्यांवर बोल्टांनी वा पिनांनी बसविलेली असते. जबड्यांनी खुंटी घट्ट धरून ठेवली, पण तबकडीच हौद्यातून उपटली गेली, तर अडसर कितीही पक्का असून उपयोग काय? साखळीचा पुरस्कार करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हा आहे. विरोधकांचा मुद्दाही पोकळ नाही. त्यांच्या मते खुंटी सुटल्यास ट्रेलराचे तोंड जमिनीवर न पडता ट्रकच्या हौद्याच्या भिंतींवर कोसळते. तीव्र वळण घेता यावे इतकी लांब साखळी ते कोसळणे थांबवू शकत नाही. उलट काही टन वजनाचा ट्रेलर ट्रकला बांधलेला राहून त्यालाही रस्त्याबाहेर खेचू शकतो. हौद्यातच बसणाऱ्या, पण गोळ्यावर टेकणाऱ्या ‘गूसनेक’ म्हणजे हंसग्रीव जोडणीस मात्र अनेक राज्यांत साखळ्या लागतात. तिची जागा व तिच्यावरील वजन पाचव्या चाकासारखेच असते; फरक आहे तो सांध्याचा. त्यामुळे मध्यखुंटीवर गोळ्याची वाटी चढविणारे जोडसाधन वापरले, की त्याच ट्रेलरास, त्याच ट्रकमागे, साखळ्या पुन्हा लावाव्या लागतात. नियमाचा रोख ट्रेलराच्या आकारावर नसून सांध्यावर आहे, हे यावरून स्पष्ट होते.

दोन्ही पक्षांच्या वादात एक गोष्ट पुष्कळदा बाजूला पडते. पाचवे चाक सुटण्याच्या घटनांत पोलाद तुटल्याची उदाहरणे कमी आणि जोडणी नीट झालेलीच नसण्याची अधिक असतात. ट्रेलर गरजेपेक्षा उंच उभा असला, तर ट्रक मागे घेताना खुंटी जबड्यांच्या वर राहते. अडसर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या चढावर किंवा जोरदार वेग घेताना ट्रेलर घसरून खाली येतो. म्हणून जोडल्यावर विजेरीच्या उजेडात जबडे खुंटीच्या गळ्याभोवती मिटले आहेत का, हे वाकून पाहणे आणि ट्रेलराचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून पाहणे, या दोन जुन्या सवयींचा चालकांच्या शिक्षणात आग्रह धरतात. ट्रेलरावरील विद्युत् ब्रेक सुटताक्षणी लागावेत म्हणून एका स्विचची बारीक तार ट्रकला अडकवितात. ती तार तबकडीला किंवा तिच्या दांडीला अडकविणे ही नेहमीची चूक होय. तबकडीच उपटली गेली, तर तार तिच्याबरोबर जाते, स्विचची पिन ओढलीच जात नाही आणि ब्रेक लागत नाहीत; म्हणून तार ट्रकच्या साट्यालाच बांधावी लागते.

भारतातील स्थिती : भारतात निवासी ट्रेलरांचा प्रसार नगण्य असला, तरी पाचवे चाक सर्वत्र दिसते. १९८९ मध्ये न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यानंतर मुंबई परिसरातील रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या अर्ध-ट्रेलरांची वर्दळ वाढली. त्यांत हवा-ब्रेकच्या नळ्या तुटताच ट्रेलराचे ब्रेक लागतात. कंटेनर मात्र चार कोपऱ्यांतील फिरत्या कुलपांनी ट्रेलरास बांधलेला असतो व ती कुलपे उघडी राहिल्यास ट्रेलर सुटण्याआधी कंटेनरच उलथतो.

सुरक्षा-साखळीची खरी गरज आहे, ती साध्या पिनेच्या जोडणीस. पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर जोडून उसाची वाहतूक होते. ओढदांड्याच्या कडीतून उभी पिन घालून केलेली ही जोडणी झिजते. पिनेखालची अडकवण खड्ड्यांच्या धक्क्याने गळून पडते व पिन हळूहळू वर सरकते. उसाच्या भरगच्च मोळ्यांमुळे चालकास मागचा ट्रेलर दिसत नाही आणि ट्रॅक्टरच्या आवाजात तो सुटल्याचे कळतही नाही. अशा ट्रेलरावर आपोआप लागणारा ब्रेक नसेल, तर साखळी हाच शेवटचा आधार उरतो. ट्रॅक्टर व पहिला ट्रेलर यांच्यामधील साखळी दुसऱ्या ट्रेलरास धरीत नाही. म्हणून दोन्ही सांध्यांना स्वतंत्र साखळी लागते आणि तिचे आकडे पिनेच्या कडीत न अडकविता दोन्ही बाजूंच्या साट्यांतच अडकवावे लागतात.